गप्प बसायला शिकलेला संकासुर

कोरगावात गोकुळदासांचं घर शोधायचं तर 'संकासुराचं घर' असं विचारावं लागतं. मग रस्त्यावरचं कुणीही बोट दाखवतं. मी गडहिंग्लजकडचा. तुयेच्या कारखान्यात नोकरी लागली आणि खोली शोधत फिरत होतो, तेव्हा मीही असाच विचारत त्यांच्या दारात पोचलो. बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या पडवीत, एक धिप्पाड माणूस सुपारी कातरत बसला होता. मी नाव सांगितलं, किरण. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंजिनेर?"

"हो."

"मग आमच्या मिक्सराक काय झालां तां आधी बघ. खोली मागीर बघूया."

मिक्सर सुरू झाला आणि मागची खोली मला मिळाली.

गोकुळदास दशावतारी कंपनीत काम करतात. दशावताराच्या आरंभी गणपती, सरस्वती येऊन जातात. मग ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासुर येतो, काळ्या अंगरख्यात, आणि गावच्या बोलीत सगळ्यांची टिंगल करतो. ते काम गोकुळदासांचं. तुळशीच्या लग्नापासून वैशाखापर्यंत गावोगाव नाटकं. पाऊस जवळ आला की लोकांच्या घरांचे नळे, म्हणजे कौलं, परतायची कामं. त्यांची बायको भाग्यलक्ष्मी हरमलला पर्यटकांच्या खोल्या आवरायला जाते. मुलगी एकच, गौरवी.

माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला दशावतारातली एक गोष्ट खरी वाटत नाही. तिथे नाटक लिहिलेलं नसतं. संध्याकाळी कंपनीचे मालक रघुनाथमामा रंगपटात, म्हणजे तोंडं रंगवायच्या खोलीत, सगळ्यांना गोळा करतात आणि आजचं आख्यान तोंडी सांगतात. तू राजा, तू त्याचा भाऊ, तुझी बायको हा पळवतो, शेवटी देव येतो. तेवढ्यावर माणसं तोंडं रंगवून उभी राहतात आणि समोरचा काय बोलेल त्यावर आपलं बोलणं रचत जातात. मी एकदा गोकुळदासांना विचारलं होतं, कुणी संवाद लिहून काढत नाही का? ते म्हणाले, "लिवलां काय वाचूचा लागता. वाचूचा लागला काय माझी पंचाईत."

मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. त्यांना वाचता येत नाही, हे मला वर्षभरानं कळलं. चौथीपर्यंत शाळा झाली होती. अक्षरं ओळखता येत, पण ती जोडून शब्द करायला गेलं की ती हातात राहत नसत. त्या काळात त्याला 'ढ' म्हणत, दुसरा शब्द नव्हता. मग ते कंपनीत गेले. तिथे कुणालाच कागद लागत नव्हता, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही आणि कुणाला काही कळलंही नाही. एकदा कुठल्याशा देवळापुढे प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं होतं, "संकासुरा, वेद चोरलंस खरे, पण वाचूक येतत काय?" गोकुळदास म्हणाले होते, "वाचूक येयत असते तर चोरले कित्याक असते? थंयच बसून वाचले नसते?" लोक पोट धरून हसले. त्या गर्दीत खरं काय ते फक्त भाग्यलक्ष्मीला माहीत होतं.

गौरवी दुसरीत गेली आणि तिचीही अक्षरं हातातून सुटायला लागली. गोकुळदासांनी ते लगेच ओळखलं. इतर बाप अशा वेळी चिडतात, शिकवणी लावतात. त्यांनी मुलीला आपल्या पद्धतीनं तयार केलं.

रोज संध्याकाळी भाग्यलक्ष्मी धडा वाचून दाखवायची. तिची दहावी झाली आहे. मग बापलेक तो धडा नाटकासारखा उभा करायचे. सहलीचा धडा असला की बलकांवात बस निघायची. कवितेला गोकुळदास मांडीवर ठेका धरायचे. पोरीचा कान असा तल्लख की दुसऱ्या वेळी सगळं पाठ. इथवर ठीक होतं. पण त्यापुढचा भाग खास दशावतारी होता. त्यांनी तिला पुस्तक हातात धरून 'वाचायला' शिकवलं. नजर ओळीवरून कशी सरकवायची, पान कोणत्या शब्दाला उलटायचं, मधेच थांबून एखादा अवघड शब्द पुन्हा कसा म्हणायचा. "सरसर म्हटलंस तर मास्तराक संशय येतलो. मधी एकदा खोकत जा."

मास्तरांना संशय आला नाही. उलट गौरवीचं वाचन इतरांपुढे आदर्श म्हणून ठेवलं जाऊ लागलं. पाचवीपासून विषय इंग्रजीत आले, तिथे लेखी परीक्षेत ती जेमतेम काठावर येई. अक्षर खराब, आळस करते, असा शेरा मिळे. पण मराठीच्या तासाला ती राणी होती.

हे सगळं आठवीच्या पावसात कोसळलं.

त्या दिवशी मराठीच्या बाई आल्या नव्हत्या. शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या सुविधा टीचरनी तो तास घेतला. त्या डिचोलीच्या. ज्या मुलांना शिकताना अडचण येते त्यांच्यासाठी खास प्रशिक्षण घेऊन आलेल्या. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. वर्तमानपत्रातल्या एका लेखाच्या प्रती वाटल्या आणि विचारलं, वाचून कोण दाखवणार? सगळ्या वर्गानं गौरवीकडे पाहिलं.

गौरवी उभी राहिली. कागदावर तेरेखोलच्या फेरीबोटीचं चित्र होतं. तेवढंच तिला मिळालं. घरात ती जे बघत वाढली तेच तिनं केलं. चित्राला आख्यान समजून सुरुवात केली.

"तेरेखोलच्या फेरीबोटीत आज एकच गर्दी उसळली होती. नवरीकडची माणसं अलीकडच्या काठावर, नवरा पलीकडच्या काठावर, आणि बोटीचं इंजीन बंद..."

लेख तेरेखोल नदीकाठच्या खारफुटीवर होता. वर्गातली मुलं आपापल्या कागदावर नवरी शोधू लागली. शेवटी सर्वेश नावाच्या मुलानं हात वर केला.

"टीचर, नवरी खंय आसा? माझ्या कागदार येवक नाय."

वर्ग फुटला. पण गौरवी थांबली नाही. घेतलेलं सोंग अर्ध्यावर टाकायचं नसतं, हे तिला लहानपणापासून सांगितलेलं. हसण्याच्या गोंधळात तिनं बोट सुरू केली, नवरी पलीकडे नेली, अक्षता टाकल्या आणि मगच खाली बसली. एकट्या सुविधा टीचर हसल्या नाहीत. त्यांनी फक्त शांतपणे म्हटलं, "छान गोष्ट सांगितलीस. मधल्या सुट्टीत मला भेट."

मधल्या सुट्टीत गौरवी दप्तर घेऊन घरी निघून आली.

त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, म्हणून मी घरीच होतो. गोकुळदासांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लग्न लागलां मगे?"

"लागलां."

"मग? नाटक पुरा केलंस ना?" त्यांच्या तोंडावर अभिमान होता. मग त्यांनी मुलीचं तोंड नीट पाहिलं.

"बाबा, मी शाळेत जावचंय नाय," ती म्हणाली. "आईवांगडा हरमलाक जातलंय. चादरी बदलूक वाचूचा लागणा नाय."

ती बोलल्याप्रमाणे वागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या स्कूटरवर मागे बसून गेली. भाग्यलक्ष्मी तिला घेऊन गेली कारण तशीच घरी बसवून ठेवायला मन होईना, पण संध्याकाळी परत आली ती धुमसतच. चुलीजवळून मोठ्यानं बोलली, म्हणजे बलकांवात ऐकू यावं अशी. "चेडवान आज माझ्यापेक्षा बरी खाट घातली. शेठीण म्हणता, उद्या पण घेवन ये. ऐकलास? चेडवाची नोकरी पक्की झाली."

गोकुळदास गप्प बसले. ते गप्प बसलेले मी तोवर पाहिले नव्हते.

त्या आठवड्यात सुविधा टीचर घरी आल्या. रेनकोट दाराशी झटकला, भाग्यलक्ष्मीनं दिलेला चहा आणि उंडो, म्हणजे इथला गोल पाव, समोर घेतला आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "गौरवीला वाचता येत नाही. तुम्हांला माहीत आहे, होय ना?"

भाग्यलक्ष्मीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"हुशार आसा तां," गोकुळदास म्हणाले.

"हुशारच आहे. हुशार नसती तर सहा वर्षं आम्हां सगळ्यांना चकवलं नसतं. याला डिस्लेक्सिया म्हणतात. डोळे चांगले, कान चांगले, डोकं चांगलं. पण अक्षर बघून त्याचा आवाज मनात उमटायचा, त्या वाटेवर तिला इतरांपेक्षा खूप जास्त कष्ट पडतात. आळस नाही तो. लहानपणीच कळलं असतं तर वेगळ्या पद्धतीनं शिकवता आलं असतं. कळलं नाही, कारण ती पाठ करून म्हणायची. हे तिला कुणी शिकवलं?"

"मियां," गोकुळदास म्हणाले. "म्हंजे मी चेडवाक फसवूक शिकवलंय, असां तुमचां म्हणणां?"

"ऐकून शिकायला शिकवलंत, ते फार चांगलं केलंत. ते तिला आयुष्यभर उपयोगी पडेल. पण वाचल्याचं सोंग शिकवलंत, त्यामुळे तिच्या मदतीला कुणी आलंच नाही."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. म्हापशाला चाचणी करून घ्यायची. शाळेत रोज एक तास त्या स्वतः तिला वेगळं शिकवतील. पुढे परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळू शकतं. दहावी अगदी शक्य आहे. फक्त तिनं शाळेत यायला हवं.

"म्हंजे सगळ्यांका सांगूचा. गौरवीक वाचूक येणा नाय."

"ज्यांना मदत करायची आहे त्यांना सांगायचं."

"टीचर, आमच्यात रंगवलेलां तोंड घेऊन कोण लोकांत फिरणा नाय, आणि लोकांसमोर रंग पुसणा नाय."

"मग रंग पुसता कुठे?"

"रंगपटात."

"कोण असतं तिथं?"

"आमचीच माणसां."

"माझी खोली तशीच आहे," सुविधा टीचर म्हणाल्या. "दार लागतं. आत चार मुलं असतात. चौघांची तीच अडचण."

आतून गौरवीचा आवाज आला. "माका चाचणी नको. थंय पण हसतले."

सुविधा टीचर तिला काही सांगणार होत्या. त्याआधी गोकुळदास उठले आणि दाराशी जाऊन म्हणाले, "पयलो मी बसतंय. कंपनीत पयलो खेळ संकासुराचो, मागीर राजा. माझ्यार हसून लोक दमले काय तू ये."

म्हापशाला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, कारण इमारतीतल्या पाट्या वाचायला कुणीतरी हवं आणि भाग्यलक्ष्मीला सुट्टी मिळाली नव्हती. चाचणी घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की ही चाचणी मुलांसाठी आहे. गोकुळदास म्हणाले, "बाये, मी मोठो दिसतंय, पण शिकाप चौथीचाच." त्या हसल्या आणि त्यांनी एक लहानसा उतारा त्यांच्यापुढे ठेवला.

मी त्यांना हजार माणसांपुढे बेधडक उभं राहिलेलं पाहिलं आहे. त्या टेबलापुढे मात्र त्यांच्या कपाळावर घाम आला. कागदावर एक कुत्र्याचं चित्र होतं. त्यावर ते दहा मिनिटांचं भाषण सहज करू शकले असते. त्यांनी चित्रावर तळहात ठेवला. झाकून टाकलं. मग बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि मोठ्यानं जोडायला लागले. क. का. काळ. काळा. पुढचा शब्द चुकला. पुन्हा मागे. एक ओळ संपायला इतका वेळ लागला की बाहेर बसलेली माणसं डोकावून गेली. गौरवी शेजारच्या खुर्चीवर ताठ बसून बघत होती. वडिलांना वाचता येत नाही हे तिला माहीत होतं. ते वाचायचा प्रयत्न करताना तिनं कधीच पाहिले नव्हते.

"बाबा, तां 'म' न्हय, 'भ' आसा," ती हळूच म्हणाली. मग स्वतःच गडबडली. "काय जाणा. 'म' पण आसत."

बाप हसला, मग ती हसली, आणि बाईंनी तिची खुर्ची टेबलाकडे ओढून घेतली.

चाचणीत अपेक्षेप्रमाणेच निघालं. गौरवी सोमवारी शाळेत गेली. ती मुख्यतः सुविधा टीचरच्या खोलीत जायला मिळतं म्हणून गेली, वर्गात ती बरेच दिवस मान खाली घालून बसायची. सर्वेश एकदोनदा "नवरी इली रे" म्हणाला. मग तिनंच त्याला फेरीबोटीतल्या लग्नात भटजी करून टाकलं आणि त्याची अशी नक्कल केली की तो विषय तिथंच संपला.

खोलीत मात्र काम सावकाश चाललं होतं. ताटात बारीक वाळू पसरून तिच्यावर बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज तोंडानं म्हणायचा. शब्द टाळ्यांनी तोडायचे. जाड कागदाला एक खिडकी कापून ती पानावर ठेवायची, म्हणजे एकावेळी एकच ओळ दिसते, बाकीच्या ओळी अंगावर येत नाहीत. गणित, विज्ञान ऐकून शिकायचं. त्यासाठी मी तिच्या फोनवर धडे मोठ्यानं वाचणारी सोय बसवून दिली. तो यांत्रिक आवाज ऐकून गोकुळदास म्हणाले, "ह्यो नट आमच्या कंपनीत अर्ध्या दिसात काढून टाकलो असतो." पण गौरवीला तो चालला.

घरासाठी सुविधा टीचरनी एकच नियम घातला होता, आणि तो गोकुळदासांसाठी होता. रोज संध्याकाळी थोडा वेळ गौरवीनं आधी न ऐकलेलं काहीतरी स्वतः वाचायचं. ती अडली तर शब्द सांगायचा नाही. थांबायचं. तिनं मागितला तरच मदत.

दशावतारी माणसाला यासारखी शिक्षा नाही. रंगमंचावर समोरच्याचं बोलणं अडलं की शेजारच्यानं ते झेलायचं असतं, खंड पडू द्यायचा नाही, हीच त्यांची सगळी तालीम. गौरवी एखाद्या शब्दापाशी थांबली की गोकुळदासांचे ओठ हलायला लागायचे. वाचता येत नसलं तरी पुढे काय येणार याचा अंदाज बांधणं त्यांच्या हाडात. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा तोंड घातलं.

"अवो, गप ऱ्हवा," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"मी काय बोललंय?"

"बोलाक नाय, पण मिशी हलता."

मग ते सुपारी तोंडात धरून बसू लागले. कधी बाकाची कड दोन्ही हातांनी आवळून. कधी उठून अंगणात चक्कर मारून येत. नाटकांचा हंगाम सुरू झाला तरी निघायच्या आधीची ती वेळ त्यांनी सोडली नाही. रघुनाथमामांची गाडी रस्त्यावर हॉर्न वाजवत उभी, आणि संकासुर बलकांवात मुलीचा एक शब्द पुरा व्हायची वाट बघत बसलेला. एकदा मामा स्वतः उतरून आले. त्यांनी बघितलं, ऐकलं आणि बाहेर जाऊन चालकाला म्हणाले, "इंजीन बंद कर. हंय येळ लागतलो."

पुढे एक गंमत झाली. गौरवी सांगू लागली की बाबांनीही खिडकीचा कागद घेऊन बसावं. ते आढेवेढे घेत बसले. तीच त्यांची टीचर. ती मात्र जराही दया दाखवत नाही. "बाबा, अंदाज मारू नकात. काय लिवलां तां वाचा." एका ओळीला तिच्याकडून एवढी बोलणी खातात की मला माझ्या खोलीत हसू आवरत नाही. ते अजून वर्तमानपत्र वाचत नाहीत. बसची पाटी वाचतात, आणि वाचली की शेजारच्या माणसाला सांगतात.

आठवीच्या शेवटच्या परीक्षेत गौरवीला जादा वेळ मिळाला आणि सुविधा टीचरनी प्रश्न वाचून दाखवले. ती सगळ्या विषयांत पास झाली. विज्ञानात तर चांगले गुण पडले. इंग्रजीत अजून खूप काम आहे. ते होत राहील.

या जूनमध्ये नववी सुरू झाली. वर्गशिक्षक बदलले होते, मधुकर सर म्हणून कुणी नवे आले होते. गोकुळदासांच्या मनात पुन्हा जुनी धास्ती आली. नव्या माणसाला कसं सांगायचं, किती सांगायचं. त्यांनी आदल्या दोन-तीन दिवसांत एक भाषण तयार केलं. मला म्हणून दाखवलं, भाग्यलक्ष्मीला म्हणून दाखवलं. चांगलंच होतं. सुरुवातीला नमस्कार, मग मुलीची हुशारी, मग अडचण, शेवटी हात जोडून विनंती.

त्या सकाळी मी कारखान्याच्या वाटेवर बापलेकीला शाळेच्या फाटकापाशी पाहिलं आणि मोटरसायकल थांबवली. मधुकर सर फाटकातच मुलांना आत घेत होते. गोकुळदास पुढे झाले, घसा साफ केला. तेवढ्यात गौरवी त्यांच्या पुढे गेली.

"सर, मी गौरवी. नववीत. मला डिस्लेक्सिया आहे. मला वाचायला वेळ लागतो. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतं, ते सुविधा टीचर तुम्हांला सांगतील. वर्गात वाचायला सांगितलंत तर वाचीन, पण हळू. आणि आधी दोन मिनिटं पान बघायला द्या."

सरांनी मान डोलावली. "चालेल. पुढच्या बाकावर बसशील का?"

"मधल्यार बसतंय, सर," ती म्हणाली, आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. दाराशी सर्वेशला काहीतरी बोलली, तो हसला.

गोकुळदास तिथेच उभे होते. सरांनी विचारलं, "तुम्हांला काही बोलायचं होतं?"

"नाय, सर," ते म्हणाले. "झालां."

मग ते माझ्याकडे आले आणि मागच्या सीटवर बसले. कुठे सोडू म्हणून विचारलं, तर नाक्यावर, चहाला, म्हणाले. नाका जवळ आला तसे म्हणाले, "इंजिनेरा, आज दोन चाय सांग. आणि उंडे. पैसे मी दितंय."